महिनाभराचा समुद्रप्रवास, लहान फ्रिज: ताजं आणि कोरडं अन्न कसं टिकवायचं?

नवखा_खलाशी
शिडाची बोट, लांबी साधारण ११ मीटर, माणसं दोन. टप्पा ३००० सागरी मैलांचा, पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोसपासून मार्केसास बेटांपर्यंत. मध्ये काही घ्यायला मिळणार नाही. सरासरी ५ नॉट (तासाला ५ सागरी मैल) धरले तर दिवसाला १२० मैल, म्हणजे २५ दिवस. हवा पूर्णवेळ गरम आणि दमट.

फ्रिज ६० लिटरचा आहे, वरून उघडणारा. फ्रीझर नाही. पाण्याच्या टाक्या दोन, प्रत्येकी १५० लिटर. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आहे, पण लहान.

माझे प्रश्न:
१. भाज्या-फळं फ्रिजबाहेर किती दिवस टिकतात आणि ठेवायची कशी?
२. अंड्यांना तेल लावतात म्हणे. खरंच उपयोग होतो का?
३. पीठ, तांदूळ, कडधान्यांत किडे होऊ नयेत म्हणून काय करावं? तमालपत्र पुरतं का?
४. मांस घरी बरण्यांत भरून घ्यावं का? प्रेशर कुकर आहेच.
५. एकूण किती भरायचं, याचा काही हिशोब?

दर्यावर्दी
पाचव्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

अन्न २५ दिवसांचं भरू नका, दीडपट धरा, म्हणजे ३८ दिवसांचं. शीड फाटलं, सुकाणू बिघडलं किंवा वारा पडला की ५ नॉटचे ३ नॉट व्हायला वेळ लागत नाही. मात्र ही जादा भर ताज्या मालात टाकू नका, तो कुजेल. ती कोरड्या आणि डबाबंद मालातच हवी.

ढोबळ माप: माणशी रोज ४०० ग्रॅम कोरडं धान्य, पीठ आणि कडधान्य मिळून. कोरड्या धान्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी असतात, म्हणजे १४०० कॅलरी इथे झाल्या. ५० ग्रॅम तेलाच्या ४५०. उरलेलं दूध पावडर, सुका मेवा, अंडी, साखर आणि डबे यांतून येतं. दोघांचे ३८ दिवस म्हणजे धान्य ३० किलो आणि तेल ४ लिटर.

पाणी पिण्या-रांधण्याला माणशी ४ लिटर रोज. २ × ३८ × ४ = ३०४ लिटर. तुमच्या टाक्या ३०० लिटरच्या, म्हणजे हिशोब काठोकाठ बसतो. गोडं पाणी करणारं यंत्र या हिशोबात धरायचंच नाही, ते अंघोळीपुरतं समजा. दोन्ही टाक्यांमधली झडप बंद ठेवा आणि एका वेळी एकच टाकी वापरा. एकीत खारं पाणी शिरलं किंवा गळती लागली तरी दुसरी शाबूत राहते. शिवाय ४० लिटर सुट्या कॅनमध्ये घ्या. कॅन गळ्यापर्यंत भरू नका. वर थोडी हवा राहिली की बोट सोडायची वेळ आली तरी कॅन पाण्यावर तरंगतात.

एक गोष्ट सहसा सुटते. तांदूळ आणि कडधान्यं शिजायलाही पाणी लागतं. त्यामुळे जादा साठा सगळा कोरडा ठेवला तर पाणी संपल्यावर तो असून नसल्यासारखा. किमान सात दिवसांचं अन्न असं हवं की जे न शिजवता, पाणी न घालता खाता येईल. डब्यातलं पाणी किंवा रस फेकू नका, तोही मोजणीत येतो.

खोल समुद्रात बटाटे किंवा पास्ता उकडायला एक भाग समुद्राचं पाणी आणि तीन भाग गोडं पाणी चालतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, म्हणजे या मिश्रणात ९ ग्रॅम. उकडायला ते ठीक आहे. भातात मात्र नको, कारण भात सगळं पाणी पितो आणि मीठ आतच राहतं. बंदराजवळचं पाणी तर कशालाच नको.

कोबीचा_गड्डा
भाज्यांबद्दल. सगळ्यात मोठा फरक खरेदीच्या वेळीच पडतो. एकदा शीतगृहात राहिलेली भाजी बाहेर आली की तिच्यावर दव धरतं आणि ती झपाट्याने उतरते. थेट शेतातून आलेला, कधीच थंड न केलेला माल शोधा. विचारायला लाजू नका, आणि विक्रेत्याने "हो हो" म्हटलं तरी हात लावून पाहा.

दुसरं, पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणूच नका. पन्हळी पुठ्ठ्याच्या फटींत झुरळांची अंडी असतात. धक्क्यावरच माल ताटात-टोपल्यांत काढा आणि खोकी तिथेच सोडा. फळांचे घड समुद्राच्या पाण्यात बुडवून झटका, मग पूर्ण सुकवा. प्लास्टिकची पिशवी तर त्याच तासाला काढा. आत घाम धरतो आणि दोन दिवसांत बुरशी दिसते.

आता एकेक.

बटाटे: धुऊ नका, माती लागलेली असू द्या. हवेशीर पण अंधारात ठेवा. उजेड लागला की हिरवे होतात आणि सोलानीन हे विष वाढतं. ते शिजवूनही जात नाही. थोडा हिरवा भाग असेल तर खोलवर कापून काढा, जास्त असेल तर बटाटाच टाका. तीन-चार आठवडे सहज निघतात.

कांदे: बटाट्यांपासून लांब. बटाटा ओलावा सोडतो, त्याने कांद्याला मुळं फुटतात आणि तो खालून मऊ पडतो. कांद्याला सुकी हवा आणि जाळीची पिशवी पुरते. लसूणही तसाच.

कोबी: महिनाभराच्या प्रवासाचा खरा आधार. घट्ट, जड गड्डे घ्या, बाहेरची पानं काढू नका. कागदात गुंडाळा. वापरताना सुरी लावायची नाही, बाहेरून एकेक पान सोडवत आत जायचं. कापलेली कड काळी पडते आणि कुज तिथूनच सुरू होते. तीन आठवडे तरी, जपलं तर चार.

गाजर: हिरवा शेंडा लगेच कापा, तो गाजरातलं पाणी ओढतो. फ्रिजमध्ये जागा द्यायची असेल तर गाजराला द्या. बाहेर आठवडाभरात लवचिक होतात.

टोमॅटो: तीन टप्प्यांत घ्या. थोडे पिकलेले, थोडे पिवळसर, बाकी हिरवे. हिरवे एकेक कागदात गुंडाळून एका थरात ठेवा. देठाची बाजू खाली नको, तिथे दाब येऊन डाग पडतो.

लिंबू, संत्री: प्रत्येक फळ कागदात किंवा फॉइलमध्ये. साल वाळून कडक झाली तरी आत रस असतो. एक फळ बुरसलं की शेजारची दोन जातात, म्हणून वेगळं गुंडाळायचं.

लाल भोपळा: देठ शाबूत आणि साल नखाने न टोचणारी असेल तर महिनाभर बिनघोर. कापल्यावर मात्र दोन दिवसांत संपवा, म्हणून मोठा एक घेण्यापेक्षा लहान चार घ्या.

सफरचंद आणि केळी इतरांपासून दूर. ती इथिलीन वायू सोडतात. त्याने गाजर कडू होतं, कोबीची पानं पिवळी पडून सुटतात, टोमॅटो एकदम पिकतात. केळ्यांचा अख्खा घड घेऊ नका. तो चार दिवसांत एकाच वेळी पिकतो आणि मग उठता-बसता केळीच खावी लागतात.

झोळ्यांबद्दल: छताला टांगलेली जाळीची झोळी हवेसाठी उत्तम, पण ती हेलकाव्यात भिंतीला आपटली तर आतला माल दोन दिवसांत ठेचकाळतो. टांगल्यावर दोन्ही बाजूंना ढकलून बघा, कुठेच लागता कामा नये. लागत असेल तर खालून दोरीने बांधून घ्या. इंजिनाशेजारच्या कप्प्यात भाजी नको. पाण्याच्या पातळीखालचे कप्पे सर्वांत थंड, पण तेही उष्ण समुद्रात २६–२८ अंशच असतात, त्यामुळे तळघराची अपेक्षा ठेवू नका.

दर दुसऱ्या दिवशी सगळा माल हाताने फिरवून बघा. डोळ्यांआधी नाकाला कळतं. कुजका बटाटा एकदा नाकात बसला की विसरत नाही.

खारा_वारा
वरच्याशी सहमत. फक्त भाजी धुण्याबद्दल मतभेद आहेत हे सांगून ठेवतो. काही जण टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी सौम्य क्लोरीनच्या पाण्यातून काढतात. त्याने सालीवरची बुरशी कमी होते हे खरं, पण नंतर पंख्याखाली पूर्ण कोरडी झाली नाही तर न धुतलेली बरी. बटाटा, कांदा, लसूण यांना पाणी लावायचंच नाही, यावर कुणाचं दुमत नसावं.

आता किडे. तमालपत्राचा भरवसा नको. वास येतो, समाधान मिळतं, पण पिठात आधीच असलेल्या अंड्यांना त्याने काही होत नाही. आणि सोंडे बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत, ते मालाबरोबरच आलेले असतात.

दोन खात्रीचे उपाय आहेत.

पहिला, गोठवणं. निघण्याआधी किनाऱ्यावर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस. पिशव्या एक-दोन किलोच्या करा, मोठ्या पोत्याच्या मध्यापर्यंत थंडी पोचायला फार वेळ लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद ठेवा, नाहीतर हवेतला ओलावा थंड पिठावर बसतो आणि किडे गेले तरी बुरशी येते. बहुतेकांचं इथेच चुकतं.

दुसरा, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या. ४ लिटरच्या हवाबंद डब्याला ३०० सीसीची एक पुडी. आतला ऑक्सिजन १ टक्क्याखाली गेला की किडे मरतात, पण त्याला दोन आठवडे द्या. पुड्यांचं पाकीट उघडलं की अर्ध्या तासात सगळ्या वापरून टाका, उरलेल्या काचेच्या लहान बरणीत घट्ट बंद करा. साखर आणि मिठात या पुड्या घालू नका, दगड होतो. आणि ज्यात ओलावा १० टक्क्यांहून जास्त आहे अशा कशातही नको. अर्धवट सुकवलेल्या भाज्या किंवा मांसात तर नकोच, कारण ऑक्सिजन नसलेल्या ओलसर जागीच बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढतो. दोन्ही उपाय करायचे तर आधी गोठवणं, मग पुडी.

डबे एक ते दोन लिटरचे चौकोनी, रुंद तोंडाचे, रबरी कडीचे. मोठा डबा प्रत्येक वेळी उघडला की सगळ्या मालाला दमट हवा लागते. व्हॅक्यूम पिशव्या चांगल्या, पण कोपरे घासून भोकं पडतात. त्या डब्यातच ठेवा, सुट्या कप्प्यात नको.

पत्र्याचे डबे: कागदी लेबलं काढून टाका. ओली झाली की लगदा होऊन तळाच्या पंपाची जाळी तुंबते, आणि ते नेमकं पाणी आत येत असताना घडतं. पक्क्या मार्करने झाकणावर आणि बाजूला, दोन्हीकडे नाव आणि मुदत लिहा. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागी) डबे ठेवू नका, खाऱ्या पाण्याने कड गंजते. ठेवावेच लागले तर झाकणाच्या प्लास्टिक पेटीत, मध्ये कापड घालून. कडी ओढून उघडायच्या डब्यांवरची कोरलेली रेघ पातळ असते, तिथे गंज लवकर आरपार जातो. ते आधी संपवा. टोमॅटो, अननस अशा आंबट मालाचे डबेही आतून लवकर खराब होतात, त्यांना दीड वर्षाच्या आत वापरा. फुगलेला किंवा उघडताना फवारा मारणारा डबा चाखून बघायचा नाही, सरळ टाकायचा. डबे फोडायची दोन साधनं घ्या, एक हमखास पाण्यात पडतं.

नवखा_खलाशी
फार उपयोगी. अंडी आणि बरण्यांचं राहिलं. अंडी पाण्यात बुडली म्हणजे चांगली, हे बरोबर ना?

मधली_डोलकाठी
अर्धंच बरोबर.

अंड्याच्या कवचाला हजारो छिद्रं असतात आणि वर एक नैसर्गिक पातळ आवरण. धुतलेल्या अंड्याचं आवरण गेलेलं असतं. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या अंड्यावर दव धरतं, आणि त्या ओलाव्यातून जंतू आत जाऊ शकतात. म्हणून न धुतलेली, कधीच थंड न केलेली, शक्य तितकी ताजी अंडी शोधा. तशी मिळाली नाहीत तर जेवढी फ्रिजमध्ये मावतील तेवढीच घ्या आणि तिथेच ठेवा.

तेलाचा उपयोग होतो. छिद्रं बुजली की आतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जाणं मंदावतं, त्यामुळे पांढरं घट्ट राहतं. पण तेल खाण्यायोग्य लिक्विड पॅराफिन हवं. स्वयंपाकाचं तेल काही आठवड्यांत खवट होतं आणि तो वास आत जातो. व्हॅसलिनही चालतं, हात मात्र बरबटतात. तेल किंचित कोमट करा, स्वच्छ हाताला लावून अंडं पूर्ण फिरवा, जादा तेल निथळू द्या. टोकदार बाजू खाली ठेवून प्लास्टिकच्या साच्यात लावा. पुठ्ठ्याचा साचा तेल आणि ओलावा दोन्ही पितो.

साचा दर एक-दोन दिवसांनी पूर्ण उलटा करा. जुन्या अंड्याचं पांढरं पातळ होतं, पिवळं वर तरंगून कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतं. उलटत राहिलात तर ते मध्ये राहतं. अशी अंडी महिनाभर निघतात, गरमी फार असेल तर त्याहून कमी.

आता बुडण्याची परीक्षा. आडवं बुडतं ते ताजं, उभं राहतं ते जुनं, तरंगतं ते टाकायचं. पण ही परीक्षा फक्त आतली हवेची पोकळी किती वाढली ते सांगते. जंतू आहेत की नाहीत हे तिला कळत नाही. तेल लावलेल्या अंड्यात तर पोकळी सावकाश वाढते, म्हणून ते बिघडलेलं असूनही बुडू शकतं. त्यामुळे प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा, वास घ्या, मगच भांड्यात. दुसऱ्या आठवड्यापासून अर्धकच्चं अंडं बंद, पिवळं पूर्ण घट्ट शिजवा. तडा गेलेलं अंडं उद्यावर ठेवू नका.

ज्वारभाटा
बरण्यांत मांस भरण्याबद्दल जरा कडक लिहितो, कारण इथे चूक झाली तर दुरुस्तीला वाव नाही.

मांस, मासे, कडधान्यं, बहुतेक भाज्या हे कमी आंबट पदार्थ. त्यांचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर. बोटुलिझमचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीत मरत नाहीत, म्हणून पाण्यात बरण्या उकळून भागत नाही. समुद्रसपाटीला १० पौंड दाबावर सुमारे ११६ अंश तापमान मिळतं, ते पूर्ण वेळ टिकवावं लागतं. मांसाच्या तुकड्यांना अर्ध्या लिटरच्या बरणीला ७५ मिनिटं, एक लिटरच्या बरणीला ९० मिनिटं. हे बरण्या दाबाखाली तापवायच्या खास यंत्राचं, वजनाची शिटी असलेल्या प्रकाराचं माप आहे. काटा असलेल्या यंत्रावर ११ पौंड.

रोजचा प्रेशर कुकर यासाठी नाही. तो लवकर तापतो आणि लवकर निवतो, आणि वर दिलेल्या वेळा यंत्र सावकाश तापण्या-निवण्याचा काळ धरून ठरवलेल्या आहेत. एक लिटरच्या किमान चार बरण्या उभ्या मावतील असं खास यंत्र हवं. दाब चढवण्याआधी १० मिनिटं वाफ मोकळी सोडा. आत हवा अडकली तर काटा ११ पौंड दाखवतो, तापमान मात्र कमी असतं. हीच चूक सर्वांत घातक, कारण बाहेरून सगळं ठीक दिसतं. बरणीत वर अडीच सेंटिमीटर जागा सोडा, कडेची चरबी पुसा. चरबी राहिली की झाकण बसत नाही. दाब आपोआप उतरू द्या, पाणी ओतून नाही. २४ तासांनी कडी काढून झाकण बोटाने दाबा, टक् आवाज आला तर ती बरणी धरलेली नाही.

हे काम धक्क्यावर, स्थिर जागी करायचं. हलत्या बोटीवर दाब खालीवर होतो, आणि दाब पडला की वेळ पुन्हा शून्यापासून मोजायची. बरण्या जुन्या मोज्यांत घालून खणांच्या पेटीत ठेवा. खाताना १० मिनिटं खळखळून उकळा, आधी चव बघू नका.

माझं मत: एका २५ दिवसांच्या टप्प्यासाठी यंत्र घेऊन हा खटाटोप करू नका, कारखान्यातले डबे घ्या. वर्षभराची सफर असेल तर शिकण्यासारखं आहे. तेलात बुडवलेला कच्चा लसूण खोलीच्या तापमानाला ठेवण्याचा उद्योगही कुणी करू नये, कारण तेलाखाली हवा नसते आणि लसूण आंबट नाही.

त्यापेक्षा कोबी आंबवा. एक किलो बारीक चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम मीठ, पाणी सुटेपर्यंत चुरडा, बरणीत दाबून भरा, कोबी रसाखाली राहील असं वजन ठेवा. वर आलेलं पान बुरसतं. झाकण पहिले काही दिवस रोज थोडं सैल करून वायू सोडा. उष्ण हवेत चार-पाच दिवसांत आंबतो, मग फ्रिजमध्ये, नाहीतर मऊ पडतो. ब्रिटिश शोधप्रवासी जेम्स कुक १७६८ च्या सफरीवर स्कर्व्ही टाळायला असाच कोबी घेऊन निघाले होते.

दर्यावर्दी
त्यावरून स्कर्व्हीचं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराचं. क जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा एक ते तीन महिने पुरतो, त्यामुळे २५ दिवसांत घाबरायचं कारण नाही. लांबच्या सफरीला मात्र लक्षात असू द्या की हे जीवनसत्त्व उष्णता आणि हवेने नष्ट होतं. ब्रिटिश आरमारातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून वेगवेगळे उपाय दिले, त्यात संत्री-लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. पुढे त्यांनीच सुचवलेला आटवलेला रस निष्प्रभ ठरला, कारण आटवताना जीवनसत्त्व जात होतं. ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळू लागायला १७९५ साल उजाडलं.

मोड आलेले मूगही चांगले. ८ तास भिजवा, मग दिवसातून दोनदा धुवा, दोन-तीन दिवसांत तयार. गरम ओलसर बरणी जंतूंनाही आवडते, म्हणून वाफवून खा. धुतलेलं पाणी रांधायला वापरू नका, भांडी विसळायला चालेल.

खारा_वारा
फ्रिज: ४ अंशांच्या खाली असेल तरच त्याला फ्रिज म्हणा, आत थर्मामीटर ठेवा. कॉम्प्रेसर ५ अँपिअर घेतो आणि अर्धा वेळ चालतो असं धरलं तर १२ व्होल्टवर दिवसाला ६० अँपिअर-तास. ढगाळ आठवड्यात सौर पॅनल एवढं देतील का, ते आधी मोजा. फ्रिज बंद पडला तर ज्याने प्रवास अडेल असं काहीही त्यात नको.

मासा पकडलात तर लगेच रक्त काढून थंड करा. ट्यूना, माहीमाही यांसारखे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामीन हे बाधणारं द्रव्य तयार होतं. ते शिजवून जात नाही आणि वासावरून कळेलच असं नाही. जिभेला तिखट चरचरलं तर थुंकून टाका. दोघांना जेवढा त्या दिवशी संपेल तेवढाच मासा घ्या, मोठा सोडून द्या. बेटांजवळ प्रवाळातल्या माशांना सिग्वाटेराचा धोका असतो, आणि तेही विष शिजवून जात नाही.

टाकीतल्या पाण्याला बिनवासाचं ५–६ टक्क्यांचं घरगुती ब्लीच, लिटरला दोन थेंब. १०० लिटरला १० मिलिलिटर. अर्धा तास थांबा. मात्र हे पाणी गोड्या पाण्याच्या यंत्रात उलटं धुण्यासाठी सोडू नका, क्लोरीनने त्यातला मीठ गाळणारा पडदा कायमचा जातो. मध्ये कार्बनचा फिल्टर हवाच.

मधली_डोलकाठी
एक राहिलं. ३०–४० पत्र्याचे डबे एका कप्प्यात भरण्याआधी ऑटोपायलटचा कंपास कुठे बसवलाय ते शोधा. बऱ्याच बोटींवर तो नेमका बर्थखालच्या कप्प्यात असतो. लोखंडी डबे शेजारी आले की काही अंशांचा फरक पडतो, आणि डबे संपत जातात तसा तो बदलतही जातो. कंपासभोवती मीटरभर जागेत बटाटे ठेवा.

नवखा_खलाशी
बघितलं. ज्या कप्प्यात डबे ठेवणार होतो, त्याच्याच मागच्या फळीवर आहे. तिथे आता कांदे.

मधली_डोलकाठी
चालेल, कप्प्याला हवेची भोकं असतील तर. आणि टोपलीला लोखंडी तार नको.